ओल कोणाची? मुंबईच्या भाड्याच्या खोलीचा कागदोपत्री माग

प्लेगचे अहवाल, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची कागदपत्रे, आरोग्य अधिकाऱ्यांचे वार्षिक आकडे, मजूर कचेरीच्या पाहण्या आणि भाडेनियंत्रणाचे कायदे. मुंबईच्या भाड्याच्या घरांचा इतिहास मुख्यतः या कागदांवर उभा आहे. हे कागद चाळताना ओल जागोजागी भेटते: जमिनीतून चढलेली, न्हाणीतून पाझरलेली, कौलांतून गळलेली. मात्र तिच्या नावाने वेगळे प्रकरण सापडत नाही. कधी ती प्लेगची साथीदार म्हणून येते, कधी क्षयाची, तर कधी मोडकळीस आलेल्या इमारतीचे एक लक्षण म्हणून. तिच्यावर स्वतंत्र खटला चाललाच नाही. म्हणून भाड्याच्या खोलीतली भिंत कोरडी ठेवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे आजही सरळ सांगता येत नाही. हा प्रश्न अधांतरी कसा राहिला, याचा माग त्याच कागदांतून काढता येतो.

त्याआधी भिंतीकडे पाहायला हवे, कारण जुने अहवाल वाचताना कोणती ओल कशामुळे आली हे ओळखता आले नाही तर वाचन फसते. ओल तीन वाटांनी येते. पहिली वाट जमिनीची. विटांच्या आणि चुन्याच्या बारीक छिद्रांतून पाणी वर चढते आणि तळमजल्याच्या भिंतीवर दोन-तीन फूट उंचीपर्यंत पट्टा उमटतो. दुसरी वाट पावसाची आणि नळांची. तिचे डाग छतालगत, खिडकीच्या कडेला किंवा मोरीच्या मागच्या भिंतीवर दिसतात. तिसरी वाट माणसांची: श्वास, घाम, शिजणारा भात, दोरीवर वाळणारे कपडे. ही वाफ हवेत मिसळते आणि थंड पृष्ठभागावर बसते. बुरशीला पाण्याची धार लागत नाही. भिंतीलगतच्या हवेतली सापेक्ष आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की तेवढे तिला पुरते. मुंबईच्या पावसाळ्यात बाहेरची हवाच दिवसेंदिवस त्या पातळीच्या आसपास असते. त्यामुळे या शहरात भिंत सुकवायला ऊन आणि वारा हे दोनच हक्काचे मार्ग उरतात, आणि ते खोलीत येतील की नाही हे इमारत बांधणाराच ठरवतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. म्युनिसिपल कमिशनर पी. सी. एच. स्नो यांनी साथीचा मोठा अहवाल लिहिला, तर मार्च १८९७ मध्ये नेमलेल्या प्लेग समितीचा अहवाल तिचे अध्यक्ष ब्रिगेडियर-जनरल गॅटॅकर यांच्या नावावर आहे. रोगाचे विष घाणीने भरलेल्या जमिनीत, ओलसर भुईत आणि कोंदट अंधारात मुरून राहते, ही त्या काळच्या बहुतेक अधिकाऱ्यांची समजूत होती. तिच्यामुळे सरकारी माणूस प्रथमच भाड्याच्या खोलीत आतपर्यंत शिरला आणि भिंत, भुई, मोरी, कौले यांची नोंद होऊ लागली.

काय केले गेले, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले काढली गेली. भुई खणून वरची माती टाकून दिली. भिंतींना चुन्याची सफेदी दिली. जी घरे राहण्यास अयोग्य ठरली त्यांच्यावर ‘यूएचएच’ ही इंग्रजी आद्याक्षरे रंगवली. यातली सफेदी आणि कौले काढणे हे ओलीवरचे खरे उपाय होते. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असतो, त्यावर बुरशी सहजी धरत नाही, आणि त्यातून भिंतीतली वाफ बाहेरही पडू शकते. पण त्याच मोहिमेत त्याच खोल्या रसकापुराच्या द्रावणाने आणि कार्बोलिकने भिजवल्या गेल्या. एकीकडे वाळवणे आणि दुसरीकडे भिजवणे एकाच पथकाकडून चालले होते, कारण लक्ष्य होते रोगाचे विष. राहणाऱ्याला पुढच्या पावसाळ्यात कोरडी भिंत मिळावी, हा त्या मोहिमेचा हेतू नव्हताच.

या अहवालांची भाषाही पुरावा म्हणून वाचायला हवी. अस्वच्छतेचे वर्णन करताना अधिकारी वारंवार रहिवाशांच्या सवयींकडे वळतात: पाणी कसे सांडतात, मोरी कशी वापरतात, किती जण दाटीने झोपतात. घरमालकावरही टीका आहे. पण बसकी जोती, दोन चाळींमधली चिंचोळी घरगल्ली आणि उजेडाविना बांधलेली आतली खोली या गोष्टी रहिवाशाने निवडलेल्या नव्हत्या. त्याने निवडले होते ते गिरणीपासून किंवा गोदीपासून चालत जाता येईल एवढे अंतर आणि परवडेल एवढे भाडे.

साथीच्या धक्क्यातून १८९८ मध्ये मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रस्ते आणि मोकळ्या जागा काढणे, समुद्रावरचा वारा शहरात घेणे आणि गरिबांसाठी आरोग्यदायी घरे बांधणे ही त्याची कामे. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्याच योजनांचे रस्ते. पण ट्रस्टच्या पहिल्या दोन दशकांचा हिशेब सांगतो की त्याने बांधलेल्या खोल्यांपेक्षा पाडलेल्या खोल्या जास्त होत्या. उठवलेली कुटुंबे शहराबाहेर गेली नाहीत. ती शेजारच्या चाळींत शिरली आणि तिथली दाटी वाढली. भिंतीवरच्या ओलीच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे: खोली तेवढीच, वाफ दुप्पट.

दरम्यान विज्ञानाने ओलीवरचा मूळ आरोपच काढून घेतला. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये प्लेगचा प्रसार उंदरांवरच्या पिसवांतून होतो असे मांडले, आणि १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने ते प्रयोगांनी पक्के केले. प्लेगला भुईतले विष कारण नव्हते. शास्त्र म्हणून ही मोठी झेप होती, पण भाडेकरूच्या बाजूने पाहिले तर एक आधार गेला. ओलसर, अंधारी खोली पाडण्याचे किंवा सुधारण्याचे सरकारी कारण प्लेग हे होते. आता उंदीर पकडला की कर्तव्य संपत होते. भिंत मात्र तशीच ओली होती आणि तिच्या कुशीला झोपणारी माणसेही तीच होती.

ही पोकळी ज्याने ओळखली तो अधिकारी म्हणजे ट्रस्टचा अध्यक्ष जे. पी. ऑर. ‘मुंबईतील घरांतला उजेड आणि हवा’ या विषयावरचे त्याचे १९१२ चे व्याख्यान छापलेले उपलब्ध आहे. मुंबईच्या घरांवर लिहिलेल्या सगळ्या सरकारी मजकुरात मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. ऑरने प्लेगचा आधार सोडून क्षयाचा आधार घेतला आणि दोष सवयींकडून बांधकामाकडे वळवला. त्याने मांडलेला नियम साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणून ओळखला जातो. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेषा काढली, तर तिचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा नसावा. सोप्या भाषेत, समोरची इमारत जेवढी उंच त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी.

नियम कागदावर मामुली दिसतो. तो चाळीला लावून पाहावा. ४८ फूट उंचीच्या दोन चाळी समोरासमोर असतील तर मध्ये २४ फूट जागा हवी. जुन्या मुंबईत त्या जागी काही फुटांची घरगल्ली होती. तिच्यातून संडासांचे आणि मोऱ्यांचे नळ उतरत, भंगी कामगारांची ये-जा होई आणि वरच्या मजल्यांवरचा कचरा पडे. तळमजल्यावरच्या मागच्या खोलीची एकुलती खिडकी या गल्लीत उघडे. तिथे ऊन पोचणे भूमितीनेच अशक्य होते. खिडकी उघडली तर दुर्गंधी, मिटली तर वाफ कोंडलेली. अशा खोलीत ‘हवा खेळती ठेवा’ हा सल्ला देणे म्हणजे बांधणाऱ्याचा दोष राहणाऱ्याच्या माथी मारणे होते, आणि ऑरने हे जाहीरपणे मोजून दाखवले.

ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहतींत हा नियम पाळला. आजही त्या भागातल्या जुन्या इमारतींमधले मोकळे अंतर डोळ्यांना जाणवते. पण जुन्या शहराला, जिथे भाडेकरूंची खरी गर्दी होती, तो लावणे म्हणजे मालकांच्या जमिनीचा मोठा हिस्सा रिकामा ठेवणे. महापालिकेचा मतदार तेव्हा मालमत्ता आणि कर यांच्या अटीवर ठरत होता. ज्याच्या भिंतीला ओल होती त्याला तिथे मत नव्हते.

१९२० च्या दशकात कागद बदलतात. अधिकाऱ्यांच्या मतांच्या जागी मोजमापे येतात. मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने फिंडले शिरास यांच्या हाताखाली कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली आणि ती १९२३ मध्ये छापली. तिच्यात ९७ टक्के कुटुंबे एका खोलीत राहत असल्याचे आढळले. त्याच सुमारास गिरणीतल्या स्त्रियांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरने एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीची नोंद केली आहे. खोली सुमारे १५ फूट लांब आणि १२ फूट रुंद. आत सहा कुटुंबे. सहा वेगळ्या चुली त्याचा पुरावा म्हणून समोर होत्या. लहानमोठी मिळून ३० माणसे. छताला टांगलेल्या बांबूंवर रात्री कपडे आणि तरटे टाकून प्रत्येक कुटुंबाचा आडोसा होई.

ही नोंद गर्दीचा दाखला म्हणून अनेकदा दिली जाते. ती ओलीचा दाखला म्हणूनही वाचता येते. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, म्हणजे जमिनीतून चढणारे पाणी इथे नाही. पण झोपलेला माणूस श्वास आणि घामातून तासाला साधारण ४० ग्रॅम वाफ सोडतो असे धरले, तर ३० माणसांची आठ तासांची वाफ नऊ-दहा लिटर होते. सगळी माणसे एकाच वेळी घरी नसतील, गिरणीच्या पाळ्या असतील, मुले लहान असतील, असे धरून निम्मीच मोजली तरी रोज अर्धी बादली पाणी त्या १८० चौरस फुटांच्या हवेत सोडले जात होते. त्यावर सहा चुलींवरच्या भाताची वाफ आणि लाकडाचा धूर. आडोशाच्या तरटांमुळे वारा आडलेला. या पाण्याला जायला वाट नसेल तर ते भिंतीवर आणि अंथरुणातच मुरणार. त्यात कोणाचीही ‘सवय’ दोषी धरता येत नाही, कारण श्वास घेणे ही सवय नव्हे.

याच काळातला एक आकडा फार जपून वापरावा लागतो. १९२१ च्या मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे बालमृत्यू एका खोलीत राहणाऱ्यांत ८२८, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१ आणि चार किंवा अधिक खोल्यांत १३३ असे दिले आहेत. उतरंड भयंकर आहे, पण ८२८ हा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही. चाळीतल्या अनेक बाया बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर माहेरी जात. मूल गावी जन्मे, तिथे नोंद होई, आणि महिन्या-दोन महिन्यांनी आईबरोबर मुंबईला येई. मृत्यू इथे झाला तर तो शहराच्या खात्यात, जन्म मात्र नाही. त्यामुळे एका खोलीचा दर फुगतो. शिवाय एक खोली म्हणजे केवळ ओल नव्हे. भूक, अतिसार, आईची गिरणीतली पाळी हे सगळे त्यात आहे. एवढी वजावट केल्यावरही दोन, तीन आणि चार खोल्यांमधला उतार उरतोच. जागा आणि हवा वाढली की मुले जगली, एवढे विधान या आकड्यांवरून करता येते. त्यापुढचे करू नये.

अर्थशास्त्रज्ञ ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांचे मुंबईतील मजूर आणि घरे यांवरचे पुस्तक १९२५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. इंग्लंडमधल्या कामगार शहरांची नमुना-पाहणी संख्याशास्त्रज्ञ बोली यांच्यासोबत केलेला हा माणूस होता. त्यामुळे चाळीत शिरताना त्याच्या हातात मोजण्याची पद्धत होती. अंधारे मधले बोळ, खोलीतली न्हाणी, पत्र्याच्या आणि झावळ्यांच्या शेड हे सर्व त्याच्या पुस्तकात प्रकारवार येते. तळमजल्यावरच्या खोलीत न्हाणीचे पाणी शेणाने सारवलेल्या भुईला लागे आणि भुई बारा महिने ओलसर राही. ती न्हाणी सोय म्हणून हवीच होती. सामाईक नळावर रांग असताना बाईमाणसाला आडोशाने अंघोळ करायला दुसरी जागा नव्हती. कमी होती ती उताराची, गच्च मोरीची आणि ठणठणीत नळाची, म्हणजे मालकाने करायच्या खर्चाची.

सरकारने स्वतः घरमालक व्हायचे ठरवले तेव्हाची कथा बीडीडी चाळींची. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात १९२० मध्ये विकास खाते निघाले. कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवून ५०,००० खोल्या बांधण्याचा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे २०७ चाळी आणि साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या झाल्या. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. इमारतींमध्ये मोकळी जागा भरपूर, म्हणजे ऑरचा धडा इथे पोचला होता. पण बांधकाम सलोह काँक्रीटचे होते. समुद्राच्या खाऱ्या हवेत काँक्रीटमध्ये ओल शिरली की आतली सळई गंजते, गंज फुगतो आणि वरचा गिलावा सुटतो. चुन्याच्या भिंतीत ओल दिसत असे. इथे ती आत काम करत राहिली आणि दशकांनंतर छताचे पापुद्रे होऊन खाली आली.

यानंतर ओलीचा इतिहास आरोग्याच्या कागदांतून निघून भाड्याच्या कायद्यांत जातो. पहिल्या महायुद्धातल्या भाववाढीत १९१८ चा भाडेकायदा आला. स्वातंत्र्यानंतर लगेच १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले. हा कायदा नसता तर गिरणगाव रस्त्यावर आले असते. त्याचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे. त्यातही मालकाने जागा सुस्थितीत ठेवावी असे कलम होते. पण गोठलेल्या भाड्यातून छपराची डागडुजी निघेना. मालकाने हात आखडला. भाडेकरूने पागडी मोजून खोली घेतलेली, त्यामुळे तो सोडीना. दोघांच्या मध्ये भिंत भिजत राहिली.

इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. उपकर भरणाऱ्या १९,६४२ इमारती या व्यवस्थेत आल्या. त्यांपैकी १६,५०२ या १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. मंडळाने तुळया बदलल्या, टेकू लावले, स्लॅब टाकले, आणि त्यामुळे असंख्य माणसे वाचली. पण कायद्याचा निकष इमारत पडेल का हा होता. भिंतीवर काळी बुरशी धरलेली, लहान मुलाला रात्रभर धाप लागणारी, तरी पायाने भक्कम असलेली खोली या निकषात बसत नव्हती.

१९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठवलेल्या प्रमाणित भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे सांगितले. त्यानंतरचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा आज लागू आहे. त्याच्या कलम १४ नुसार जागा सुस्थितीत ठेवणे मालकाचे कर्तव्य आहे. त्याने ते टाळले तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, मग स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाला वळती करायची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नसावी. हे गणित मांडून पाहा. महिना २०० रुपये जुने भाडे असेल तर वर्षाचे २,४०० आणि त्याचा चौथा हिस्सा ६०० रुपये. बाहेरच्या भिंतीला परांची बांधायलाही तेवढे पुरत नाहीत. आणि जो महिना तीस हजार मोजतो, तो बहुतेक वेळा लिव्ह अँड लायसन्सवर असतो, म्हणजे या कायद्याच्या अर्थाने भाडेकरूच नसतो. करार अकरा महिन्यांचा, डिपॉझिट मालकाकडे. पावसाळ्यात भिंत काळी पडली तर तो तक्रार करण्याआधी नूतनीकरणाचा विचार करतो, आणि घर सोडताना रंगाचे पैसे त्याच्याच डिपॉझिटमधून कापले जातात.

ओलीला तिच्या नावाने कायद्यात आणता येते, हे इंग्लंडने नुकतेच दाखवले आहे. रॉचडेलमधल्या सामाजिक संस्थेच्या भाड्याच्या घरात बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे एका दोन वर्षांच्या मुलाचा डिसेंबर २०२० मध्ये मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने हे कारण स्पष्ट नोंदवले. तिथेही कुटुंबाच्या राहणीकडे बोट दाखवले गेले होते. त्या मुलाच्या नावाने ओळखले जाणारे नियम २७ ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक भाड्याच्या घरांना लागू झाले. ओल आणि बुरशीच्या गंभीर तक्रारीची दहा कामकाजी दिवसांत तपासणी, धोका आढळल्यास पुढच्या पाच कामकाजी दिवसांत घर सुरक्षित करणे, आणि तातडीच्या प्रसंगी चोवीस तासांत काम. घरमालक कोण आणि मुदत किती, हे दोन्ही तिथे लिहिलेले आहे.

मुंबईच्या कागदांची साक्ष माझ्या मते एकाच दिशेला जाते. १८९७ च्या कौलांपासून १९९९ च्या कलम १४ पर्यंत प्रत्येक वेळी कायदा दुसऱ्या कशासाठी तरी भिंतीपाशी आला, आणि ते काम आटोपले की निघून गेला. मध्ये एकटा ऑर भिंतीसाठी म्हणून थांबला, आणि त्याने सांगितलेले अजून खरे आहे: ऊन-वारा मिळेल असे घर देणे हे बांधणाऱ्याचे आणि भाडे घेणाऱ्याचे काम आहे. राहणाऱ्याने भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवावे, कपाट भिंतीपासून चार बोटे सरकवावे, कपडे शक्य तर बाहेर वाळवावेत. एवढे त्याचे कर्तव्य मान्य. गळका नळ, फुटलेली गच्ची आणि भिंतीतला पट्टा यांचा त्याच्याशी संबंध नाही.

भाडेकायद्यात ओल आणि बुरशी हे शब्द यावेत, त्यांना मुदत असावी, आणि लायसन्सवर राहणाऱ्यालाही ती मागता यावी, यासाठी आग्रह धरायला हवा. तोवर हातात एक साधन आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने भाड्याचा आणि लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवणे बंधनकारक केले आहे. त्या करारात घर ताब्यात घेतानाची भिंतींची अवस्था तारखेच्या छायाचित्रांसह नोंदवावी, गळती कोणी आणि किती दिवसांत काढायची हे लिहावे, आणि ओलीमुळे खराब झालेला रंग डिपॉझिटमधून कापला जाणार नाही असे एक वाक्य घालावे. सव्वाशे वर्षांच्या कागदांत भाडेकरूचा स्वतःचा आवाज फार थोडा आहे. नोंदवलेला करार हा त्याच्या सहीचा कागद आहे, आणि ओल कोणाची हे त्यात आजच लिहून घेता येते.